यॉर्कच्या गोष्टीचे शेवटचे पान

५ जून १८०४ रोजी, मिसूरी नदीच्या प्रवाहाविरुद्ध चाललेल्या एका मोहिमेच्या रोजनिशीत विल्यम क्लार्क याने एक छोटीशी नोंद केली. यॉर्क पोहत वाळूच्या बेटावर गेला आणि जेवणासाठी तेथून हिरवी भाजी खुडून घेऊन आला, एवढीच ती हकिकत आहे. मुलांसाठी चित्रे काढणाऱ्या कोणालाही ती मोह घालील. रुंद, गढूळ नदी, काठाला लावलेल्या होड्या, पाण्याबाहेर डोके काढलेला वाळूचा पट्टा आणि भाजीची जुडी पाण्यावर उंच धरून परतणारा धिप्पाड माणूस, असे पान सहज डोळ्यांपुढे येते, आणि ते खोटेही ठरणार नाही. मात्र ही नोंद लिहिणारा क्लार्क यॉर्कचा मालक होता. १७९९ साली वडील वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रानुसार इतर मालमत्तेबरोबर यॉर्कही क्लार्कच्या वाट्याला आला होता. भाजीच्या त्या प्रसन्न चित्रात हे कोठे आणि कसे दिसावे, या प्रश्नापाशी गुलाम शोधप्रवाशांच्या चित्रचरित्रांची सगळी अडचण सुरू होते.

चित्रचरित्र म्हणजे खऱ्या माणसाचे आयुष्य चार ते आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शब्द आणि चित्रे यांच्या जोडीने सांगणारे पुस्तक. अमेरिकेत या प्रकाराला मोठी परंपरा आहे आणि तेथील शाळांत व ग्रंथालयांत इतिहासाची पहिली ओळख पुष्कळदा अशा पुस्तकांतूनच होते. ही पुस्तके बहुधा बत्तीस पानांची असतात. त्यामागचे कारण छपाईचे आहे: मोठा कागद छापून, घड्या घालून कापला की पाने आठाच्या किंवा सोळाच्या पटीत मिळतात. शीर्षकाची व श्रेयनामावलीची पाने सोडली, तर गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या तेरा-चौदा जोड्या उरतात. एवढ्या जागेत आयुष्य बसवायचे म्हटल्यावर त्याला ठरावीक घाट मिळतो. लहानपणची एखादी आवड, मग वाटेतला अडथळा, मग जिद्द, मग यश, आणि शेवटच्या जोडपानावर गौरव. शास्त्रज्ञ, खेळाडू, चित्रकार यांच्या आयुष्यांना हा घाट बऱ्यापैकी साजतो. गुलामगिरीत राहून अनोळखी मुलूख पालथा घालणाऱ्या माणसाला मात्र तो साजत नाही, कारण त्याची मोहीम संपते तेव्हा त्याची गुलामगिरी संपलेली नसते.

मोहिमेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा प्रचंड प्रदेश विकत घेतला, आणि त्या प्रदेशातून पॅसिफिक महासागराकडे जाणारी वाट शोधण्याचे काम राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याने मेरीवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांच्याकडे सोपवले. मे १८०४ मध्ये निघालेली तुकडी नोव्हेंबर १८०५ मध्ये समुद्रापाशी पोहोचली आणि २३ सप्टेंबर १८०६ रोजी सेंट लुईसला परतली. या सबंध प्रवासात यॉर्क बरोबर होता. त्याने होड्या ओढल्या, ओझी वाहिली, बंदूक घेऊन शिकार केली. त्याच्या जन्मगावाकडे, व्हर्जिनियात, गुलामाच्या हाती बंदूक असणे ही सहसा न घडणारी गोष्ट होती. ऑगस्ट १८०४ मध्ये सार्जंट चार्ल्स फ्लॉइड आजारी पडला तेव्हा त्याची शुश्रूषा मुख्यतः यॉर्कनेच केली, असे क्लार्क लिहितो. २० ऑगस्टला फ्लॉइड वारला, आणि त्या संपूर्ण मोहिमेत दगावलेला तो एकटाच सहकारी ठरला. मोंटानातील मिसूरीच्या पात्रातल्या आठ बेटांना क्लार्कने यॉर्कचे नाव दिले, तसेच यलोस्टोन नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या प्रवाहालाही.

चित्रपुस्तकांना सर्वांत आवडावा असा प्रसंग २४ नोव्हेंबर १८०५ चा आहे. कोलंबिया नदीच्या मुखाशी पाऊस आणि वारा यांनी तुकडी हैराण झाली होती, आणि हिवाळ्याचा मुक्काम कोठे करावा हे ठरवण्यासाठी प्रत्येकाचे मत विचारून ते लिहून घेण्यात आले. त्या नोंदीत यॉर्कचे मत आहे, आणि शोशोनी जमातीच्या सकागविया या तरुण मातेचेही आहे. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात या दोघांनाही मताचा अधिकार नव्हता. पुस्तकात या प्रसंगाला जोडपान द्यावेच असे मलाही वाटते. मात्र त्या चित्रातील उजेड पुढच्या सगळ्या पानांवर पसरू देऊ नये, कारण ते मत नोंदवल्याने यॉर्कच्या कायदेशीर स्थितीत काडीचाही फरक पडला नाही.

दुसरा प्रसंग अधिक अवघड आहे. ऑक्टोबर १८०४ मध्ये तुकडी अरिकारा लोकांच्या गावांत पोहोचली. त्यांनी कृष्णवर्णीय माणूस कधी पाहिला नव्हता, म्हणून ते यॉर्कभोवती गोळा झाले आणि त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. क्लार्क लिहितो की यॉर्कने ती थट्टा पुढे चालवली आणि आम्हाला हवे होते त्याहून अधिक भयंकर रूप धारण केले. पुढच्या मार्चमध्ये हिदात्सा लोकांच्या एका नायकाने बोट ओले करून यॉर्कची त्वचा घासून पाहिली, तिच्यावर रंग चढवला आहे की काय याची खात्री करून घेण्यासाठी. या हकिकतींवरूनच नंतरच्या काळातील लेखकांनी यॉर्कचा विदूषक केला, आणि हसरा, धष्टपुष्ट, थोडासा भोळा नोकर अशी त्याची प्रतिमा दीर्घकाळ छापली गेली. वास्तविक क्लार्कच्या त्या वाक्यात निराळेच काही दडलेले आहे. ‘आम्हाला हवे होते त्याहून अधिक’ हे शब्द सांगतात की त्या दिवशी यॉर्कने मालकाच्या मर्जीची हद्द ओलांडली, आणि आपल्याला पाहायला जमलेल्या गर्दीपुढे काय करायचे ते स्वतः ठरवले. चांगला चित्रकार या पानावर यॉर्कचा चेहरा वाचकाकडे वळवील आणि अस्वस्थ झालेला क्लार्क मागे, कोपऱ्यात ठेवील. शब्दांना जे सांगायला परिच्छेद लागतो ते चित्र केवळ माणसांच्या जागा ठरवून सांगू शकते, आणि या प्रकाराचे खरे सामर्थ्य येथेच आहे.

यॉर्कचा चेहरा कसा होता, हे मात्र चित्रकाराला कल्पनेनेच ठरवावे लागते. त्याचे हयातीत काढलेले एकही चित्र उपलब्ध नाही, आणि त्याच्या हातचे एक अक्षरही नाही. त्याच्याविषयी जे कळते ते त्याच्या मालकाने आणि मालकाच्या बरोबरीच्या माणसांनी लिहिलेले आहे. पोर्टलंड शहरातील लुईस अँड क्लार्क कॉलेजने २०१० मध्ये उभारलेल्या यॉर्कच्या शिल्पात ॲलिसन सार या शिल्पकर्तीने ही अडचण लपवली नाही. तिने क्लार्कचा नकाशा यॉर्कच्या पाठीवर जखमांच्या वणांसारखा कोरला. मुलांच्या पुस्तकात एवढे कठोर रूप चालेल किंवा चालणार नाही, पण त्यामागचा प्रामाणिकपणा नक्कीच चालेल. काही लेखक यॉर्कला ‘मी’ म्हणून बोलायला लावतात. मुलाला जवळीक वाटावी हा त्यांचा हेतू मी समजू शकतो. तरीही ज्याचे शब्द इतिहासाने राखले नाहीत त्याच्या तोंडी गोड शब्द घालणे मला धोक्याचे वाटते, कारण सहा वर्षांचे मूल त्यांना यॉर्कचेच बोल समजते. ‘त्याला तेव्हा काय वाटले असेल?’ असा प्रश्न पानावर मोकळा ठेवला, तर मूल स्वतः विचार करते आणि खोट्या साक्षीचा दोषही लागत नाही. शिवाय अशा पुस्तकांच्या अखेरीस मोठ्यांसाठी एक टिपण असते, आणि त्यात काय नोंदींवर आधारलेले आहे व काय कल्पिलेले आहे हे सांगितलेले असते. हे टिपण वाचल्याशिवाय पुस्तक मुलाच्या हाती देऊ नये.

शब्दांचा प्रश्न याहून बारीक आहे. क्लार्क आपल्या रोजनिशीत यॉर्कला ‘माझा सेवक’ म्हणतो. व्हर्जिनियातील मालकवर्गात तसे म्हणण्याचीच रीत होती. चित्रपुस्तकात हा शब्द जसाच्या तसा उचलला, तर मुलाला वाटते की यॉर्क पगारी नोकर होता आणि कंटाळला असता तर काम सोडून गेला असता. म्हणून ‘गुलाम’ हा शब्द पहिल्याच पानावर यायला हवा, आणि त्याचा अर्थही: त्याच्या श्रमाचे पैसे त्याला मिळत नव्हते, तो मालकाला सोडून जाऊ शकत नव्हता, आणि मालक त्याला विकू शकत होता. इंग्रजीत अलीकडे ‘गुलाम’ असे नाम न वापरता ‘गुलाम केले गेलेले माणूस’ अशा अर्थाची शब्दयोजना रूढ होत आहे, कारण गुलामी हा माणसाचा गुणधर्म नसून दुसऱ्याने त्याच्यावर लादलेली अवस्था आहे. मराठीत ‘गुलामगिरीत ठेवलेला’ असे म्हणता येते आणि ते कानाला परकेही वाटत नाही. हा विषय मराठी वाचकाला अगदी लांबचा नाही, हेही येथे सांगावेसे वाटते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता.

मराठीत असे पुस्तक लिहिताना आणखी एक पेच पडतो, जो इंग्रजीत पडतच नाही. आपण मोठ्या माणसांना आदरार्थी अनेकवचन लावतो. ‘कॅप्टन क्लार्क नकाशा काढत होते आणि यॉर्क लाकडे फोडत होता’ असे वाक्य लिहिले, की लेखकाच्या मनात काही नसताना व्याकरणानेच दोघांची प्रतवारी लावलेली असते. मूल ती न शिकवता शिकते. म्हणून या लेखात मी राष्ट्राध्यक्षापासून गुलामापर्यंत सर्वांना ‘तो’ म्हटले आहे. मुलांच्या पुस्तकात दोघांनाही ‘ते’ म्हणावे. माझ्या मते ते अधिक शोभेल. ‘मदत केली’ हे क्रियापदही असेच जपून वापरायला हवे. यॉर्कने मोहिमेला मदत केली, असे म्हटले की मोहीम इतरांची होते आणि तो बाहेरचा उरतो. त्याने शिकार केली, रोग्याची सेवा केली, होडी ओढली, मत दिले, असे म्हटले की तो तुकडीतला एक होतो.

आता १८०६ नंतरचे आयुष्य. मोहिमेतील सैनिकांना दुप्पट वेतन आणि प्रत्येकी ३२० एकर जमीन मिळाली. यॉर्कला काहीच मिळाले नाही, कारण वेतनपटावर त्याचे नावच नव्हते. बरीच वर्षे असा समज होता की परतल्यावर क्लार्कने लवकरच त्याला मुक्त केले असावे, आणि जुन्या पुस्तकांना गोड शेवट करायला हा समज पुरत असे. मग १९८८ मध्ये लुईव्हिल येथील एका घराच्या माळ्यावर क्लार्कने आपला थोरला भाऊ जोनाथन याला लिहिलेली पत्रे सापडली, आणि तो समज टिकेनासा झाला.

पत्रांतून दिसते ते असे. १८०८ मध्ये क्लार्क सेंट लुईसला राहायला गेला आणि यॉर्कलाही जावे लागले. यॉर्कची बायको मात्र केंटकीत, लुईव्हिलच्या बाजूला, दुसऱ्या मालकाकडे गुलाम होती. आपल्याला तिकडेच राहू द्यावे, तेथे मोलमजुरी करून मिळकत क्लार्ककडे पाठवीन, असे यॉर्कचे म्हणणे होते. क्लार्कने त्याला काही आठवडे भेटीला जाऊ दिले, पण कायम राहू देण्यास नकार दिला. परत येण्यापेक्षा विकले जाणे यॉर्कला पसंत आहे, हे क्लार्क स्वतःच लिहितो, आणि त्याने पळण्याचा किंवा ‘गुलाम म्हणून असलेले कर्तव्य’ टाळण्याचा प्रयत्न केला तर त्याला न्यू ऑर्लीन्सला पाठवून विकावे किंवा एखाद्या कडक मालकाकडे भाड्याने द्यावे, असेही भावाला बजावतो. रोजनिशीतला ‘सेवक’ घरच्या पत्रात ‘गुलाम’ झालेला येथे दिसतो. मे १८०९ च्या पत्रात यॉर्क उद्धट आणि घुम्या झाल्यामुळे आपण त्याला चांगलेच बदडले, अशी नोंद आहे. मोहिमेनंतर कमीत कमी दहा वर्षे यॉर्क गुलामगिरीतच होता.

एवढे सगळे मुलांना सांगावे काय, असा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. मारहाणीचे चित्र सहा वर्षांच्या मुलासमोर ठेवण्याची गरज नाही. परंतु बायको एका गावी आणि नवरा दुसऱ्या गावी, आणि एकत्र राहायचे की नाही हे तिसराच माणूस ठरवतो, ही गोष्ट कोणत्याही मुलाला कळते. आईपासून दूर राहावे लागणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते. बरोबरीने काम केलेल्या सर्वांना वाटा मिळाला आणि एकालाच मिळाला नाही, हा अन्याय तर मुले मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात. गुलामगिरी समजावण्यासाठी साखळदंड आणि चाबूक यांचीच चित्रे लागतात असे नाही. नदीच्या दोन काठांवर काढलेली दोन माणसेही पुरेशी आहेत.

उलट बाजूची चूक अधिक वेळा होते. जानेवारी २०१६ मध्ये स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेला आपले एक नवे चित्रपुस्तक बाजारातून मागे घ्यावे लागले. जॉर्ज वॉशिंग्टनचा गुलाम आचारी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी धन्याच्या वाढदिवसाचा केक हसतखेळत करतात, अशी ती गोष्ट होती. हर्क्युलिसला आपल्या कलेचा अभिमान होता, हे खोटे नाही. परंतु तोच हर्क्युलिस फेब्रुवारी १७९७ मध्ये वॉशिंग्टनच्या वाडीवरून पळून गेला, आणि हसऱ्या चित्रांच्या त्या मुख्य गोष्टीत ते येत नव्हते. हसणे हे येथे असत्य नव्हते. गोष्ट जेथे थांबवली ती जागा असत्य होती.

थांबण्याची जागा चुकण्याचा धोका इतर गुलाम शोधप्रवाशांच्या चरित्रांतही आहे. स्पेनसाठी सफर करणारा दर्यावर्दी मॅगेलन याने मलाक्का येथे मिळवलेला एन्रिके हा गुलाम त्याच्याबरोबर युरोपला गेला, तेथून १५१९ च्या सफरीवर निघाला आणि मार्च १५२१ मध्ये फिलिपिन्सच्या बेटांपाशी त्याने मारलेली हाक समोरच्या होडीतल्या लोकांना समजली. गोष्ट येथे थांबवली तर ती घरी परतण्याची सुंदर कथा होते. पण मॅगेलनने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की आपल्या मरणानंतर एन्रिके मुक्त व्हावा आणि त्याला दहा हजार माराव्हेदी, म्हणजे तेव्हाची स्पॅनिश नाणी, मिळावीत. २७ एप्रिल १५२१ रोजी मॅगेलन मारला गेला, आणि ताफ्याच्या नव्या प्रमुखाने ती इच्छा झिडकारली, असे त्या सफरीचा बखरकार पिगाफेत्ता सांगतो. मोरोक्कोतील अझेमूरचा एस्तेबान हा तर चित्रकारांसाठीच जन्मल्यासारखा वाटतो. सुमारे तीनशे माणसे १५२८ मध्ये फ्लोरिडाच्या भूमीवरून आत शिरली. त्यांतून आठ वर्षांनी मेक्सिकोत पायी पोहोचलेल्या चौघांपैकी तो एक होता, आणि वाटेतील लोकांशी बोलण्याचे काम त्याचेच होते. १५३९ मध्ये उत्तरेकडे सोने असल्याच्या वदंतेमागे त्याला पुन्हा पुढे धाडण्यात आले. मिळालेल्या बातमीच्या मोठेपणानुसार लहान किंवा मोठा क्रूस मागे पाठवायचा असा संकेत ठरला होता, आणि त्याने माणसाच्या उंचीचा क्रूस पाठवला. थोड्याच दिवसांत झुन्यी लोकांच्या गावापाशी तो मारला गेला, आणि पुढच्याच वर्षी स्पॅनिश फौज त्या गावावर चालून गेली. ते गाव, ती नदी, ते डोंगर तेथील रहिवाशांना कधीच अज्ञात नव्हते, आणि त्यांच्या लेखी एस्तेबान किंवा यॉर्क हे येऊ घातलेल्या संकटाच्या आघाडीवरचे लोक होते. स्वतः गुलाम असलेला माणूस दुसऱ्यांच्या मुलखावर चाल करणाऱ्यांबरोबर होता, ही गुंतागुंतही मुलांपासून लपवू नये.

या सर्वांत स्टीफन बिशपच्या कथेला सरळ शेवट देणे सर्वांत सोपे वाटते. केंटकीतील मॅमथ केव्ह या अफाट गुहेचा हा तरुण वाटाड्या १८३८ पासून कंदिलाच्या उजेडात नवनवी दालने शोधत गेला, ज्या खोल गर्तेपलीकडे कोणी जात नसे ती ओलांडून गेला, आणि १८४२ मध्ये त्याने निव्वळ आठवणीवरून गुहेचा नकाशा काढला. १८४५ मध्ये तो नकाशा त्याच्या नावानिशी छापला गेला, जे गुलामाच्या बाबतीत विरळाच होते. हा नकाशा त्याने लोकस्ट ग्रोव्ह येथे, मालक जॉन क्रोगन याच्या घरी काढला. क्रोगन हा विल्यम क्लार्कचा सख्खा भाचा, आणि नोव्हेंबर १८०६ मध्ये लुईस आणि क्लार्क मोहिमेवरून परतताना याच घरी स्वागताला थांबले होते. एकाच घराण्याच्या मालकीची दोन माणसे, एकाने खंड ओलांडले, दुसऱ्याने भूगर्भ. बिशपला १८५६ मध्ये मुक्ती मिळाली. १८५७ मध्ये तो वारला.

यॉर्कचा शेवट अजून वादात आहे. क्लार्कने १८३२ मध्ये लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगला सांगितले की आपण यॉर्कला मुक्त केले, त्याला गाडी आणि सहा घोडे दिले, पण त्याला धंदा जमला नाही आणि आपल्याकडे परत यायला निघाला असता तो पटकीने वारला. ही मालकाच्या सोयीची कथा आहे हे ध्यानात ठेवावे. त्याच सुमारास रॉकी पर्वताच्या मुलखात क्रो लोकांत मानाने राहणारा एक कृष्णवर्णीय म्हातारा एका व्यापाऱ्याला भेटला, आणि आपण लुईस व क्लार्क यांच्याबरोबर आलो होतो असे त्याने सांगितले. बहुतेक इतिहासकार तो यॉर्क मानत नाहीत, तरी चित्रपुस्तकाला हा शेवट किती हवाहवासा वाटेल ते सांगायला नको. जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन याने यॉर्कला सन्माननीय सार्जंट हा हुद्दा दिला, तेव्हा गौरवाचे तयार जोडपानही मिळाले.

मला यांतला कोणताही शेवट नको. १० डिसेंबर १८०८ च्या पत्रात क्लार्क भावाकडे तक्रार करतो की यॉर्कच्या डोक्यात स्वातंत्र्याची आणि आपल्या ‘अफाट सेवेची’ कल्पना शिरली आहे, त्यामुळे तो आता फारसा उपयोगी पडेल असे वाटत नाही. याचा अर्थ यॉर्क मालकासमोर उभा राहिला होता आणि त्याने आपल्या अडीच वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला होता. ‘अफाट सेवा’ हे शब्द क्लार्कने चिडून लिहिले असले तरी ते मुळात यॉर्कचे असणार, आणि तसे असेल तर त्याच्या तोंडचे आपल्यापर्यंत पोहोचलेले तेवढेच. शेवटच्या पानावर ते शब्द मोठ्या अक्षरांत यावेत, आणि चित्रात वाळूचे ते बेट, ती आठ बेटे, समुद्रापाशी दिलेले मत, फ्लॉइडचे अंथरूण, सगळे त्याच्या मागे उभे असावे.